मूळव्याधीच्या आड दडलेला कर्करोग

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या लोकसंख्याधारित तपासणीची मार्गदर्शक चौकट आखली. तीत तीन कर्करोगांचा समावेश होता: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी आणि प्रत्येक स्त्रीची उरलेल्या दोन कर्करोगांसाठीही दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली होती. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाला या यादीत स्थान मिळाले नाही. तो निर्णय त्या वेळी तर्काला धरून होता. तंबाखूने पोखरलेल्या देशात तोंडाच्या कर्करोगाला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते आणि आतड्याचा कर्करोग हा संपन्न पाश्चात्त्य देशांचा आजार समजला जात होता. ही समजूत आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. मात्र त्यावरचा उपाय म्हणून परदेशातील कार्यक्रम जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणणार नाही.

आधी आजाराचे आकारमान पाहू. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. भारतातील अंदाज सुमारे ७० हजार नव्या रुग्णांचा आणि ४० हजार मृत्यूंचा आहे. वयोरचनेतील फरक वजा करून पाहिले, तर भारतात दर लाख लोकसंख्येमागे पाचच्या आसपास रुग्ण आढळतात. जागतिक सरासरी अठराच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडे हा आजार तुलनेने कमी आहे, हे खरेच. पण तो ज्यांना होतो त्यांचे पुढे काय होते, हे पाहिले की चित्र पालटते. कॉनकॉर्ड या जागतिक अभ्यासाच्या २०१८ च्या अहवालानुसार दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलियात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण निदानानंतर पाच वर्षे जगतात. भारतात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे.

एवढी तफावत केवळ औषधांच्या दर्जामुळे पडलेली नाही. ती मुख्यतः निदानाच्या वेळेमुळे पडलेली आहे. कर्करोग आतड्याच्या भिंतीपुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षे जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. तो यकृतात किंवा फुप्फुसात पोहोचल्यावर सापडला, तर ती पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी तेथे आलेल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षे होते, कर्करोगाची सर्वात नेहमीची जागा गुदाशय ही होती आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण पहिल्यांदा दारात आले तेव्हाच त्यांचा आजार शरीरात इतरत्र पसरलेला होता. एका मोठ्या रुग्णालयातील आकडे म्हणजे साऱ्या देशाचे चित्र नव्हे. तरीही घरातील कर्ता माणूस, कमावण्याच्या वयात, उशिरा दारात येतो, हे वास्तव त्यातून नजरेआड करता येत नाही.

उशीर कुठे होतो?

गुदाशयाचा कर्करोग अनेकदा रक्तस्रावाने आपली चाहूल देतो. आणि शौचावाटे रक्त पडले की त्याचे नाव आपल्याकडे आधीच ठरलेले असते: मूळव्याध. उत्तर भारतातील रेल्वेमार्गांलगतच्या भिंती ‘बवासीर’ विनाशस्त्रक्रिया बरा करून देण्याच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात. महाराष्ट्रातील बसस्थानकांच्या आवारात हीच आश्वासने मराठीत वाचायला मिळतात. शौचावाटे रक्त पडणाऱ्या बहुसंख्य लोकांना खरोखरच मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर असते, म्हणून हा समज टिकून राहतो. ज्या थोड्यांना कर्करोग असतो, त्यांचे महिने, कधी वर्षेही, मलमे, चूर्णे आणि गोळ्या यांत निघून जातात. लाज हा त्यातील आणखी एक घटक. स्त्री ही गोष्ट नवऱ्याला सांगत नाही, वृद्ध सासरा सुनेला सांगत नाही आणि सांगितलेच तर डॉक्टर बोटाने गुदपरीक्षण न करता औषध लिहून देतो. एका मिनिटात होणाऱ्या या परीक्षणात गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ हाताला लागू शकते. ते केले जात नाही, कारण दवाखान्यात पडद्याआड झोपण्याची सोय नसते, वेळ नसतो आणि दोन्ही बाजूंना संकोच असतो.

दुसरी खूण आणखी हुलकावणी देणारी आहे. आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून रोज थोडे थोडे रक्त झिरपते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण शरीरातील लोह कमी होत जाते. पन्नाशीतल्या पुरुषाला किंवा रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीला लोहाच्या अभावाने पंडुरोग होणे, ही पाठ्यपुस्तकानुसार आतड्याची तपासणी करण्याची सूचना असते. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष पंडुरोगाने ग्रासलेले आहेत. जिथे निम्मा देश फिका आहे तिथे फिकेपणाची सूचना कोण वाचणार? लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, रक्त थोडे वाढते आणि गाठ वाढतच राहते.

चाचणी काय सांगते?

या पार्श्वभूमीवर शौचाच्या नमुन्याच्या तपासणीकडे पाहायला हवे. मोठ्या आतड्यातील बहुतेक कर्करोग एकाएकी उद्भवत नाहीत. आतड्याच्या अस्तरावर पॉलिप नावाची लहान वाढ होते, त्यांतील काही मोठ्या होतात आणि साधारणपणे दहा वर्षांच्या अवधीत एखाद्या वाढीचे रूपांतर कर्करोगात होते. हा दीर्घ अवधी म्हणजेच हस्तक्षेपाची संधी. कोलोनोस्कोपीच्या वेळी पॉलिप काढून टाकला, तर होऊ घातलेला कर्करोग टळतो. मोठे पॉलिप आणि सुरुवातीचे कर्करोग अधूनमधून रक्त सांडतात, आणि ते डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणे हे या चाचणीचे काम.

जुनी ग्वायॅक चाचणी रक्तातील हीम या घटकाच्या रासायनिक गुणधर्मावर अवलंबून होती. त्यामुळे मांस किंवा कच्चा मुळा खाल्ला तरी ती फसत असे आणि जठरातील व्रणातून आलेले रक्तही तीत उमटत असे. तरीही तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली. अमेरिकेतील मिनेसोटा येथील प्रयोगात दरवर्षी चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटल्याचे १९९३ मध्ये दिसून आले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधील फ्यून येथे दोन वर्षांआड चाचणी करूनही १५ ते १८ टक्के घट झाल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर आलेली ‘फिट’, म्हणजे मलातील रक्ताची प्रतिपिंडाधारित चाचणी, फक्त मानवी ग्लोबिन ओळखते. तिला पथ्य लागत नाही. जठरातून आलेल्या रक्तातील ग्लोबिन वाटेतच पचून जाते, त्यामुळे ती प्रामुख्याने मोठ्या आतड्यातील रक्तस्रावच दाखवते. जठराचे व्रण, वेदनाशामक गोळ्यांचा मुक्त वापर आणि अंकुशकृमी सर्रास आढळणाऱ्या देशात हा फरक फार मोलाचा आहे. शिवाय ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देत नाही. दर ग्रॅम मलामागे किती मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन आहे, ते आकड्यात सांगते. या आकड्याचे धोरणात्मक महत्त्व पुढे येईल.

एका वेळच्या फिट चाचणीत दर शंभर कर्करोगांपैकी पंच्याहत्तर ते ऐंशी सापडतात आणि कर्करोग नसलेल्या शंभरांपैकी चौऱ्याण्णव-पंच्याण्णव जणांना ती योग्य रीतीने वगळते. ती परिपूर्ण नाही; म्हणूनच ती दर एक-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. स्पेनमधील सुमारे ५७ हजार लोकांच्या एका यादृच्छिक प्रयोगात थेट कोलोनोस्कोपीचे निमंत्रण आणि दोन वर्षांआड फिटचे निमंत्रण यांची तुलना झाली. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले: कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या बाबतीत फिट कोलोनोस्कोपीहून कमी ठरली नाही. त्याचे एक कारण साधे होते. घरी करता येणारी चाचणी अधिक लोकांनी स्वीकारली.

इतरांचा अनुभव

जपानने १९९२ पासून देशभर ही चाचणी सुरू केली. तैवान आणि दक्षिण कोरियाने २००४ च्या सुमारास सुरुवात केली. इंग्लंडने २००६ मध्ये जुन्या चाचणीने कार्यक्रम सुरू करून २०१९ मध्ये फिट स्वीकारली. हे सगळे संपन्न देश आहेत, असा आक्षेप घेता येईल. म्हणून मला थायलंडचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. उत्तर थायलंडमधील लांपांग प्रांतात २०११-१२ मध्ये ५० ते ६५ वयाच्या सुमारे १ लाख २७ हजार लोकांसाठी पथदर्शी प्रकल्प झाला. ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी तो चालवला. ६३ टक्के लोकांनी चाचणी केली. १.१ टक्का लोकांची चाचणी सकारात्मक आली आणि त्यांपैकी ७२ टक्क्यांची कोलोनोस्कोपी झाली. आशा सेविकांचे जाळे असलेल्या देशाला हे आकडे अशक्य कोटीतले वाटू नयेत.

नेदरलँड्सचा धडा वेगळा आहे. तेथे २०१४ मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा लोकांचा प्रतिसाद आणि सकारात्मक चाचण्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. कोलोनोस्कोपीसाठी रांगा लागल्या. सरकारने काही महिन्यांतच सकारात्मक ठरवण्याची मर्यादा दर ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅमवरून ४७ वर नेली. काही पॉलिप त्यामुळे निसटले असतील; पण ज्यांना खरा धोका होता त्यांची तपासणी वेळेत झाली. मघाशी म्हटलेल्या आकड्याचे महत्त्व हेच. आपल्याकडे कोलोनोस्कोपीची क्षमता जेवढी असेल, त्यानुसार मर्यादा वर-खाली करता येते.

भारतातील गणित

येथे एक गणित मांडतो. वीस लाख लोकवस्तीच्या एखाद्या जिल्ह्यात ५० ते ६९ वयाचे तीन लाख लोक आहेत, असे समजू. दोन वर्षांत त्यांतील निम्म्यांनी चाचणी केली, तर वर्षाला ७५ हजार चाचण्या होतील. त्यांतील तीन टक्के सकारात्मक आल्या, तर २,२५० कोलोनोस्कोपी कराव्या लागतील. म्हणजे कामाच्या दर दिवशी सात-आठ. बहुसंख्य जिल्हा रुग्णालयांना आज हे झेपणारे नाही. लांपांगप्रमाणे उंच मर्यादा ठेवली आणि सकारात्मक प्रमाण १.१ टक्क्यावर राहिले, तर ही संख्या वर्षाला सव्वाआठशेवर येते, म्हणजे दिवसाला तीनहून कमी. दोन प्रशिक्षित डॉक्टर, दोन दुर्बिणी, भूल देण्याची आणि दुर्बीण निर्जंतुक करण्याची नीट व्यवस्था एवढ्यावर ते होऊ शकते.

दुसरे गणित आजाराच्या विरळपणाचे. चाचणी केलेल्या एक लाख लोकांपैकी शंभरांना कर्करोग आहे असे मानले, तर फिट त्यांतील ऐंशी जणांना शोधील. पण कर्करोग नसलेल्या सुमारे पाच हजार जणांनाही सकारात्मक ठरवील. म्हणजे सुमारे त्रेसष्ट कोलोनोस्कोपींमागे एक कर्करोग. त्याच लाखात तीनशे कर्करोग असतील, तर हे प्रमाण बावीसांमागे एक असे सुधारते. वाया गेलेल्या वाटणाऱ्या तपासण्यांतही पॉलिप सापडतात, हे खरे. पण कोलोनोस्कोपीत क्वचित आतड्याला छिद्र पडते, रक्तस्राव होतो, दोन दिवसांची मजुरी बुडते आणि आठवडाभर मनावर दडपण राहते. विरळ आजारात या किमतीचे पारडे जड होते. त्यामुळे ‘पन्नाशीनंतर सर्वांना फिट’ ही घोषणा आज साऱ्या देशासाठी करणे शहाणपणाचे ठरणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदण्यांत शहर आणि खेडे, एक राज्य आणि दुसरे राज्य यांत मोठी तफावत दिसते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची ग्रामीण नोंदणी आणि महानगरांच्या नोंदण्या शेजारी ठेवल्या, तर ते सहज लक्षात येते. धोरणही तसेच भूगोल पाहून आखले पाहिजे.

सर्वात मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मी गांभीर्याने घेतो. यादीत असलेल्या तीन कर्करोगांचे आपण काय केले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. स्तनांच्या तपासणीचे प्रमाण ०.९ टक्के होते. तोंडाच्या तपासणीचे स्त्रियांत ०.९ आणि पुरुषांत १.२ टक्के. ज्ञान कमी पडले म्हणून हे झाले नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने एचपीव्हीची एकच चाचणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ मध्ये जगाला दाखवून दिले. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासाने २००५ मध्ये तंबाखू आणि मद्याचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या तपासणीचा लाभ दाखवला होता. पुरावा आपल्या मातीतला होता. त्याचा आधार जगभर घेतला गेला. गावोगावी पोहोचणारा कार्यक्रम मात्र आपल्याकडे उभा राहिला नाही. अशा स्थितीत यादीत चौथे नाव लिहिणे म्हणजे कागद वाढवणे होय.

म्हणून मी क्रम उलटा सुचवतो. निरोगी लोकसंख्येच्या चाचणीपासून नव्हे, तर लक्षणे घेऊन आलेल्या माणसापासून सुरुवात करावी.

लक्षणांपासून सुरुवात

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२३ मध्ये कौटुंबिक डॉक्टरांना असा सल्ला दिला की आतड्याच्या कर्करोगाची शंका यावी अशी लक्षणे असलेल्यांची आधी फिट करावी आणि दर ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक हिमोग्लोबिन आढळल्यास त्यांना तातडीने पुढे पाठवावे. गुदद्वारात किंवा गुदाशयात गाठ लागली तर चाचणीची वाटही पाहू नये. येथे चाचणीचे काम रांग लावण्याचे आहे. अनेक जण रांगेत उभे आहेत आणि कोलोनोस्कोपी थोड्यांचीच होऊ शकते, तेव्हा आधी कोणाची करायची, हे ती सांगते. साधनांची टंचाई असलेल्या देशाला याहून उपयुक्त चाचणी कोणती असू शकेल?

प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांत हे आजही करता येईल. शौचाच्या सवयीत बदल, अकारण घटलेले वजन, चाळिशीनंतर लोहाच्या अभावाने झालेला पंडुरोग, औषध घेऊनही न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही असेल तर गुदपरीक्षण आणि फिट, असा साधा नियम हवा. रक्तस्राव सुरूच असेल किंवा शंका दाट असेल, तर चाचणी नकारात्मक आली म्हणून रुग्णाला घरी पाठवू नये, हेही त्याच नियमात लिहिले पाहिजे. आशा सेविका तिशीनंतरच्या प्रत्येक व्यक्तीची जी प्रश्नावली भरून घेतात, तीत शौचावाटे पडणाऱ्या रक्ताविषयी आणि आई-वडील किंवा भावंडांना झालेल्या आतड्याच्या कर्करोगाविषयी दोन प्रश्न घालायला फार खर्च येणार नाही. या वाढीव कामाचा मोबदला मात्र त्यांना मिळाला पाहिजे. दर नव्या कार्यक्रमाचे ओझे त्यांच्याच खांद्यावर विनामूल्य टाकण्याची आपली सवय मोडायला हवी.

दुसरी पायरी निवडक चाचणीची. जिथे नोंदणीतील प्रमाण जास्त आहे, अशा काही शहरांत आणि जिल्ह्यांत ५० ते ६९ वयोगटासाठी पथदर्शी प्रकल्प हाती घ्यावेत. वय, लिंग, धूम्रपान आणि कौटुंबिक इतिहास यांवर आधारलेली धोका मोजण्याची पद्धत आशियाई देशांत वापरली गेली आहे. ती येथे पडताळून पाहावी. कोलोनोस्कोपीची क्षमता आधी उभी राहावी आणि मगच चाचणीच्या पेट्या वाटल्या जाव्यात. सकारात्मक चाचणीनंतर कोलोनोस्कोपीला दहा महिन्यांहून अधिक उशीर झाला तर कर्करोगाचा आणि तो पुढच्या टप्प्यात सापडण्याचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २०१७ मध्ये दिसले. चाचणी करून पुढची सोय न करणे हे चाचणी न करण्यापेक्षाही अधिक क्रूर आहे, कारण त्यात माणसाला धोका कळलेला असतो आणि दार बंद असते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दैनंदिन उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. ही केंद्रे प्रामुख्याने केमोथेरपीसाठी आहेत. त्यांच्याच जोडीला एण्डोस्कोपीचा कक्ष आणि ऊतिपरीक्षण करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची जागा मंजूर झाली, तर उपचार आणि निदान एका छताखाली येतील.

ऊन, शौचकूप आणि भाषा

तपशिलाच्या तीन गोष्टी धोरणकर्त्यांना क्षुल्लक वाटतील. पण कार्यक्रम त्यांवरच तरतो वा बुडतो. पहिली उष्णतेची. नमुन्यातील हिमोग्लोबिन उष्णतेने विघटित होते. इटलीत उन्हाळ्यात सकारात्मक चाचण्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले आहे. मग विदर्भात किंवा बुंदेलखंडात मे महिन्यात चार दिवस आरोग्य उपकेंद्राच्या टेबलावर पडून राहिलेल्या नमुन्याचे काय होईल? खोटा दिलासा हा सर्वात वाईट निकाल. लसींसाठी जी शीतसाखळी गावोगाव पोहोचली आहे, तिच्या धर्तीवर नमुन्यांच्या वाहतुकीची वेगळी व्यवस्था करावी लागेल आणि खरेदी करताना उष्णतेत टिकणाऱ्या द्रावणाची अट घालावी लागेल.

दुसरी गोष्ट शौचालयाची. चाचणीसोबत येणाऱ्या सूचना पाश्चात्त्य कमोड गृहीत धरतात. आपल्याकडे उकिडवे बसण्याची आणि पाणी वापरण्याची पद्धत आहे. पाणी ओतण्यापूर्वी, कागदावर किंवा पानावर मल घेऊन, खाचा असलेल्या काडीने चार-पाच ठिकाणी टोचून ती नळीत बंद करायची, हे चित्रांतून आणि त्या त्या भाषेतून सांगावे लागेल. तिसरी गोष्ट स्पर्शाची. मलाशी संबंधित काम ज्या समाजात विशिष्ट जातींवर लादले गेले, तिथे स्वतःच्या हाताने नमुना घेण्याविषयी आणि तो घेऊन आरोग्य केंद्रात जाण्याविषयी घृणा असणार. नमुने गोळा करण्याचे काम पुन्हा सफाई कामगारांच्याच माथी मारले जाणार नाही, याची स्पष्ट तरतूद मार्गदर्शक सूचनांत असली पाहिजे. नळी बंद झाल्यावर तो रक्ताच्या किंवा थुंकीच्या नमुन्याइतकाच एक नमुना असतो, आणि प्रयोगशाळेतील इतर कर्मचाऱ्यांनी तो तसाच हाताळायला हवा.

महागड्या चाचण्यांचा मोह

शेवटी बाजाराविषयी. अमेरिकेत २०१४ मध्ये मलातील डीएनए आणि रक्त एकत्र तपासणाऱ्या चाचणीला मान्यता मिळाली. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२ टक्के कर्करोग शोधले. त्याच लोकांत फिटने ७४ टक्के शोधले. पण निरोगी लोकांना चुकून सकारात्मक ठरवण्याचे तिचे प्रमाण फिटच्या अडीचपटीहून अधिक होते आणि तिची किंमत शेकडो डॉलरमध्ये आहे. २०२४ मध्ये मान्यता मिळालेली रक्ताची चाचणी ८३ टक्के कर्करोग ओळखते, पण ज्यांचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका आहे असे मोठे पॉलिप ओळखण्याचे तिचे प्रमाण केवळ १३ टक्के आहे. म्हणजे आजार टाळण्याची संधी ती बहुतांशी गमावते. अशा चाचण्या महानगरांतील आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये विकल्या जाऊ लागल्या, तर चाळिशीतला सधन ग्राहक त्या घेईल आणि ज्याला रक्त पडते आहे तो शेतमजूर मलम लावत राहील. सरकारने स्वस्त, प्रयोगशाळेत मोजता येणाऱ्या फिटची एकत्रित खरेदी करावी, देशातील उत्पादनाला चालना द्यावी आणि कोणतीही चाचणी भारतीय लोकसंख्येत पडताळल्याशिवाय सार्वजनिक कार्यक्रमात आणू नये.

या सगळ्याला किती पैसा लागेल, याचे उत्तर पथदर्शी प्रकल्पांतूनच मिळेल. आयुष्मान भारत योजनेतून आज शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीवर सार्वजनिक पैसा खर्च होतोच आहे. उशिरा सापडलेल्या रुग्णावर तो सर्वाधिक होतो आणि सर्वात कमी फळ देतो. ही योजना माणूस रुग्णालयात दाखल झाल्यावर सुरू होते. निदानासाठी केलेली बाह्यरुग्ण कोलोनोस्कोपी बहुधा खिशातूनच करावी लागते, आणि गरीब माणूस नेमका तिथेच अडतो. सकारात्मक फिटनंतरची कोलोनोस्कोपी मोफत करणे, हा एक निर्णय केंद्राने या वर्षी घेतला तरी पुरेशी सुरुवात होईल. त्यासोबत कर्करोग नोंदणीत निदानाच्या वेळचा टप्पा नियमितपणे नोंदवला जावा, म्हणजे पाच वर्षांनी आपण पुढे सरकलो की नाही हे सांगता येईल. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने हा एकच आकडा दरवर्षी मंत्रालयाला विचारावा: पसरलेल्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचे प्रमाण किती कमी झाले?